गळ्यापर्यंतची रेती

ओल्या तरटाचा वास आला की मला किसनाजींचा उजवा तळहात दिसतो. जमिनीखाली, टोपीवरच्या दिव्याच्या पिवळट वर्तुळात, बांबूंच्या चौकटीवर ताणून शिवलेल्या तरटावर तो तळहात टेकलेला असे आणि बोटांच्या फटींतून सुटलेलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असे. पलीकडच्या निबिड काळोखात रेती बसत असे, अलीकडे पाणी गळत असे आणि मधे हा कृश, सावळा, पन्नाशीचा माणूस डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, लेकराचा ताप पाहावा तसा त्या कापडाला हात लावून निश्चल उभा. मी शेजारी घड्याळ बघत असे.

मी तेव्हा नागपूरहून नुकताच आलेला इंजिनिअर होतो, म्हणजे शहाणा. पारशिवनीकडची, कन्हानच्या काठाजवळची ती कोळशाची खाण. कोळसा काढला की भूगर्भात पोकळी उरते, आणि वर तर शेतं असतात, रस्ते असतात, माणसांच्या चुली पेटत असतात; ते सगळं खचू नये म्हणून नदीची रेती पाण्यात कालवून नळातून खाली सोडायची आणि पोकळी गच्च भरून टाकायची, याला आम्ही भराई म्हणत असू. वरचा प्लांट, पाण्याचा दाब, रेतीचं प्रमाण, नळाचं एकेक वळण माझ्या आखणीतलं होतं. खाली रेती अडवणारा आणि पाणी तेवढं जाऊ देणारा तरटाचा पडदा मात्र किसनाजींच्या हातचा. ते मूळचे उमरेडचे विणकर. हातमागावर पोट भरेना म्हणून खाणीत उतरले, पण सुई धरण्याची ढब सुटली नव्हती. बांबूच्या कामट्यांवर तरट शिवताना ते असे काही तन्मय होत की भोवतालचा कोळसा, चिखल, घाम, माझी घाई, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचतच नसे.

ऋतू त्यांना हाताला कळत. वैशाखातली रेती खडखडीत, स्वच्छ. नळातून येताना ती सुपात पाखडलेल्या ज्वारीसारखी वाजे. श्रावणातली मातकट, जड, आळशी. ती जणू मनाविरुद्ध यायची आणि बसायलाही वेळ लावायची. वर ऊन आहे की आभाळ, हे जमिनीखाली उभं राहून, गळणाऱ्या पाण्यात दोन बोटं चोळून ते सांगत, आणि वर येऊन पाहावं तर तसंच असे. मी काचेच्या बाटलीत पाणी धरून गाळ मोजत बसलो की त्यांच्या मिशीखाली हसू हले. ‘त्या बाटलीले काय विचारून राहिले जी,’ म्हणायचे, ‘पान्याले विचारा ना.’ मला राग यायचा. खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर निघायचं, म्हणून जास्त यायचा.

त्यांचा एक शब्द साऱ्या खाणीत रूढ झाला होता. रेती पाण्याबरोबर येते आणि उतार धरून बसते, त्यामुळे गॅलरी, म्हणजे कोळसा काढून रिकामा झालेला बोगदा, भरल्यासारखी दिसली तरी छताखाली, वरच्या कोपऱ्यात, एक निमुळती पोकळी उरतेच. ती भरायची तर नळाचं तोंड हलवून, उंच करून, पुन्हा रेती सोडावी लागते. काम किचकट, रेती पुष्कळ खाणारं आणि कुणाच्या नजरेत न भरणारं. किसनाजी पडद्याच्या वरच्या कडेतून एक लांब कामटी आत सरकवत, ती कुठवर जाते ते पाहत आणि वळून शांतपणे म्हणत, ‘पोट भरलं जी. गळा रायला.’ मग गळा भरेपर्यंत ते जागचे हलत नसत. अशा माणसापुढे साहेबपणा चालत नाही.

त्या वर्षी श्रावणात कन्हान अशी फुगली की आठ-दहा दिवस ट्रक पात्रात उतरू शकले नाहीत. प्लांटवर साठवलेली रेती तळाला गेली, आणि जी होती ती पुढच्या गॅलरीसाठी राखून ठेवा असा वरून हुकूम आला. नेमकी तेव्हाच किसनाजींची एक गॅलरी पोटापर्यंत भरून झाली होती. उथळ गॅलरी, छत कमकुवत, वरची काळी माती पाणी पिऊन जड झालेली. ते माझ्या टेबलापाशी आले, टोपी काढून हातात धरली. त्यांना मी कधी काही मागताना पाहिलं नव्हतं.

‘साहेब, दोन पाळ्यांची रेती द्या. हिचा गळा रिता ठेवू नका.’

‘पोळ्यानंतर नदी उतरेल, तेव्हा भरू,’ मी म्हटलं.

त्यांच्या नजरेत काही होतं, ते मी वाचलं नाही. मी कागद वाचत होतो. भराई पुरी झाल्याशिवाय पुढची गॅलरी उघडता येत नसे, म्हणून ते गेल्यावर मी त्या रकान्यात ‘पूर्ण भरली’ असं लिहून सही केली. पोळा तर दहा दिवसांवर होता, दहा दिवसांत असं काय आभाळ कोसळणार होतं!

आभाळ कोसळलं नाही, जमीन गेली. पोळ्याच्या चार दिवस आधी, पाऊस थांबून लख्ख ऊन पडलेलं असताना, टळटळीत दुपारी विणकरांच्या टोळीतून माणसं धावत आली. टोळी म्हणजे खाणीपासून हाकेच्या अंतरावरची बारा घरं. मी पोचलो तेव्हा अकरा होती. बाराव्याच्या जागी एक गोल विवर होतं, विहिरीसारखं सरळ, आणि त्याच्या काठावर अर्धी भिंत, तिच्यावर खुंटीला टांगलेली पिशवी. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुणीतरी सांगितलं, घर किसनाजीचं, आणि घरधनीण मागावर बसली होती. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, ती तशीच बसल्या जागी गेली. मला ठाऊकच नव्हतं की त्या गॅलरीवर त्यांचं घर आहे. नकाशा मी काढला होता, नकाशावर टोळी होती, बारा ठिपके होते. ठिपक्यांना माणसं असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

जुना पडदा फाडून खालून वाट काढायचा प्रयत्न झाला. जुनी गॅलरी दगडचिखलानं अशी कोंदली होती की दोन माणसं जेमतेम जिवानिशी परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विवरात दोन पुरुष खोल पाणी चढलं आणि कडा सुटू लागल्या. शेजारच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. काय करायला हवं ते मॅनेजरला कळत होतं, मला कळत होतं, गावच्या पाटलांनाही कळत होतं. ते बोलायला कुणाची जीभ रेटेना.

किसनाजी काठावर उकिडवे बसले होते, कालपासून. ते उठले, शेजारच्या भेगेत हात घालून पाहिला, आणि माझ्याकडे आले. डोळे कोरडे होते.

‘साहेब, रेती सोडा.’

‘किसनाजी, त्या अजून...’

‘मले माहीत हाये ती कुठं हाये. ह्या अकरा घरात लेकरं हायेत. मी खाली जाऊन पडदा बांधतो. तुमी रेती सोडा.’

लोकांनी त्यांना धरलं, दुसरा कुणी शिवेल म्हणून विनवलं. त्यांनी हात सोडवून घेतले. खाली रेती अडली नाही तर ती दुसऱ्या गॅलऱ्यांत वाहून जाणार आणि विवर भरणारच नाही, हे खरं होतं. असा पडदा दुसऱ्या कुणाला जमणार नाही, हेही खरं होतं. तीन तास त्यांनी तो पडदा शिवला. मी प्लांटवर टेलिफोनजवळ उभा होतो. घंटा वाजली. ‘बांधलं जी,’ एवढंच ते म्हणाले. मी विवराकडे वळवलेल्या नळाचं चाक फिरवलं.

आणि रेती होती. गळ्यासाठी दोन पाळ्यांची नव्हती, ती त्या दुपारी होती. वरच्यांचा हुकूम बदलला, राखून ठेवलेली निघाली, दुसऱ्या खाणींवरून ट्रक आले, रांग लागली. नळातून ती ओली, मातकट रेती घरघरत जात होती. दोन दिवस भराई चालली. किसनाजी खाली पडद्याला हात लावून उभे राहिले. पाळ्या बदलत गेल्या, ते बदलले नाहीत.

वर आले तेव्हा भुवयांवरसुद्धा रेती होती. मी विचारू नये ते विचारलं, तुम्ही त्या दिवशी मला काहून सांगितलं नाही, वर तुमचं घर आहे म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीच कुणी परका, अडाणी माणूस असावा तसं.

‘वर कोनाचं घर हाये थे पाहून भराई करतेत का जी?’ मग म्हणाले, ‘तिले म्हनलं होतं मी, पोळ्यापावतर मागावर बसू नको. म्हने, लुगडं अर्धं हाये, सोडू कसं. तुमची खदान खाली, माहा माग वर.’

चौकशी झाली. मी लिहून दिलं की खोटी सही माझी. मला वाटलं होतं, तुरुंगात जाईन. माझी बढती एक वर्ष थांबली. एवढंच. ही गोष्ट मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी माझं सांत्वन केलं, आणि त्या सांत्वनाचा मला अजूनही धक्का बसतो. किसनाजींनी केलं नाही. ते पुढेही कामावर येत राहिले, तरट शिवत राहिले, कामटी सरकवून ‘गळा रायला’ म्हणत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालून रेती दिली. गाळ मोजायची बाटली मी पुन्हा हातात धरली नाही.

बारा-चौदा वर्षांनी, नागपूरच्या कचेरीतून कसल्याशा पाहणीसाठी गेलो तेव्हा किसनाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. टोळी मात्र उभी होती, अकराच्या अकरा घरं. मधली ती जागा सपाट होती, इतकी सपाट की जिला ठाऊक नाही तिनं तिथं खुशाल कुरड्या वाळत घातल्या होत्या. अंगावरची हळद अजून पुरती न उतरलेली एक नवी सून कावळ्यांपासून राखण करत बसली होती. मला उन्हात नुसतंच उभं असलेलं पाहून ती म्हणाली, ‘काय पाहून राहिले जी?’

‘इथं एक घर होतं. किसनाजी विणकरांचं.’

‘आन् बाई? बाईचं काय नाव होतं?’

किसनाजींच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत. चौकशीच्या कागदात ‘किसन यांची पत्नी’ असं होतं. आणि मी, ज्यानं तिच्यावर रेतीचं चाक फिरवलं, मी कधी विचारलंच नव्हतं. सून उत्तराची वाट पाहून पुन्हा कावळ्यांकडे वळली. इतकी वर्षं मी त्या बाईला रोज आठवत आलो आहे, आणि आठवताना हाक मारायला माझ्याजवळ तिचं नावसुद्धा नाही.