आभाळात गेलेली दुर्बीण

मी एक जुनी, एका अंगाला पोचा आलेली दुर्बीण आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव मला खपत नाही.

माझी भिंगं कोणी घासली ते मला ठाऊक नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मालवणजवळच्या सत्यवानाच्या गळ्यात. तो मोठ्या बोटीवर खलाशी होता. धुक्यातला दिवा मी त्याला दाखवला, आडवं येणारं गलबत दाखवलं. कप्तानसुद्धा मला मागून घ्यायचा, तेव्हा मी फुशारून जायची.

एकोणीसशे बासष्टच्या सुमारास कंपनीने सत्यवानाला मुंबईहून विमानाने कोचीनला पाठवायचं ठरवलं. त्याची बोट तिथे उभी होती. विमान आपल्या किनाऱ्यावरूनच जातं हे कळल्यावर त्याची आई काशीबाई म्हणाली, मी सड्यावर, गावावरच्या त्या उघड्या कातळमाळावर, धूर करून उभी राहीन, तू मला वरून बघ. आपण लेकाला आभाळातून दिसावं, एवढीच तिची हौस.

विमानतळावर अधिकाऱ्याने मला अडवलं. विमानातून दुर्बिणीने बघायला बंदी आहे, सामानात टाका, म्हणाला. सामानाच्या आदळआपटीत माझी भिंगं हलली असती, म्हणून सत्यवान हटून बसला. शेवटी मला जाड कापडात शिवलं, वर लाखेची मोहोर ठोकली आणि उतरेपर्यंत ती फोडायची नाही या अटीवर त्याच्या मांडीवर दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सत्यवान काचेला नाक लावून बसला. पण दिवस भाजावळीचे. पेरणीआधी जमीन भाजायला गावोगाव पालापाचोळा पेटवलेला, खाली जिकडेतिकडे धूर. त्यातला आईचा कुठला? मी क्षणात सांगितलं असतं. मी आभाळात गेले आणि काहीच पाहिलं नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे.

वर्षाने तो घरी आला. मी वरून दिसले का, हाच काशीबाईचा पहिला प्रश्न. सत्यवानाला खोटं बोलवेना.

"तू माका दिसलंस नाय गो आये. हिचे डोळे बांधलेले."

काशीबाई रडली नाही. दुपारी विमानाची घरघर ऐकू येताच तिने मला खुंटीवरून काढलं आणि तडक सडा गाठला. आधी तिने मला उलटं धरलं. शेजारणी हसल्या. तिने मला सरळ केलं आणि विमान दिसेनासं होईपर्यंत खाली घेतलं नाही.

"तेंनी माझ्या झिलाक बघूक दिल्यानी नाय," ती म्हणाली. "आता मी तेंका बघतंय. माका कोण अडवता ता बघूया."

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, ओलीपासून जपा. पण जपायच्या नावाखाली पेटीत कोंडू नका. घरघर ऐकू आली की मला घेऊन सड्यावर चला. खालून वर बघायला अजून तरी कुणाची परवानगी लागत नाही.