परत न फेकलेला चेंडू

मी एक जुना चामडी हातमोजा आहे आणि माझ्या पोटात कित्येक वर्षे एक चेंडू बांधून ठेवलेला होता. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, हातमोज्याला कसली आलीय भीती? दगडासारखे चेंडू झेलण्यातच ज्याचा जन्म गेला, त्याने घाबरायचे कशाला? पण मी घाबरतच जगलो. चेंडूला मी कधी भ्यालो नाही. तो फेकणाऱ्या हाताची मला भीती वाटायची.

मी बेसबॉलचा. या खेळात पिचर चेंडू फेकतो आणि कॅचर समोर उकिडवा बसून तो झेलतो. त्या कॅचरच्या डाव्या हातातला मी. गाईच्या जाड कातड्यातून मला कापले, आत लोकर ठासून भरली, वादीने शिवले. परदेशी खेळून परतलेल्या एका खेळाडूने मला डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या कोन्सुएलो गावी आणले आणि सिप्रियानो फिप्स यांच्या हातात दिले. सिप्रियानो सकाळी साखर कारखान्यात राबत आणि दुपारी मैदानावर मुलांचे चेंडू झेलत. त्यांची मुलगी नॉरिस मला खोबरेल चोळायची. मग माझ्या खळग्यात एक चेंडू ठेवून दोरीने घट्ट बांधायची, म्हणजे खळग्याचा आकार टिकावा. तशी रीतच होती.

तेल पिऊन पिऊन माझ्यात एक गुण आला. चेंडू खळग्यात नेमका बसला की मी फटाक्यासारखा वाजायचो. हाच गुण पुढे माझ्या जिवावर आला.

आमच्या मैदानावर परदेशी संघांचे पारखी यायचे. जाळीमागे खुर्च्या टाकून बसायचे. कोणता मुलगा किती चालेल हे ते ठरवायचे. त्यांच्याजवळ वेग मोजायचे यंत्र असे, पण यंत्राकडे नजर जाण्याआधी त्यांचे कान टवकारत. हे तावितो मास्तरांना पक्के ठाऊक होते. मास्तर मुलांना तयार करायचे आणि पारख्यांना दाखवायचे. ज्याच्यावर त्यांची मदार, त्याचे चेंडू सिप्रियानोंनी माझ्यात झेलायचे. उरलेल्यांसाठी एक फुगलेला, मऊ हातमोजा होता. त्याला सगळे ‘उशी’ म्हणत. तोच चेंडू माझ्यात कडाडायचा आणि उशीत झोपी जायचा.

“मास्तर, पोरं दाखवताय की फटाके?” नॉरिस विचारायची.

“तू तेल लाव गं! पारख मला शिकवू नकोस.”

त्या वर्षी मास्तरांची सगळी मदार विल्किनवर होती. विल्किन म्हणजे सिप्रियानोंचा मुलगा, नॉरिसचा धाकटा भाऊ. उंच, लांब हातांचा, हसरा. त्याचा चेंडू माझ्यात शिरला की कारखान्याच्या फाटकापर्यंत आवाज जाई. त्याला अजून कोणी करारावर घेतलेही नव्हते, तरी गावाने त्याला मोठा करून टाकले होते. न्हावी त्याचे केस फुकट कापायचा. दुकानवाली मर्सेदिता तर भर रस्त्यात ओरडायची, “विल्किन! मला नवा फ्रीज हवाय हं! पांढरा नको, निळा!”

“निळाच आणतो, मावशी,” तो म्हणायचा आणि हसायचा.

पण मित्रांनो, ते हसू माझ्यापर्यंत पोहोचेना. त्याचा चेंडू बदलला होता. यंत्रात फरक दिसत नव्हता, मला जाणवत होता. पूर्वी चेंडू शेवटपर्यंत चावरा असायचा. आता तो शेवटच्या क्षणी सैल पडायचा, दोर सुटल्यासारखा. फेकून झाल्यावर विल्किन हात झटकायचा, पाणी झटकावे तसा. सिप्रियानोंनाही ते कळले असावे, कारण माझ्या आत त्यांचा तळवा घामाने भिजू लागला.

“दुखतंय का रे?” त्यांनी एकदा विचारले.

“नाही हो, बाबा. तुमचाच हात म्हातारा झालाय!”

मैदानावर सगळे हसले. सिप्रियानो हसले नाहीत.

ज्या दिवशी मोठे पारखी यायचे होते, त्या सकाळी नॉरिसने मला तेल लावता लावता बापाला हळूच सांगितले, “बाबा, तो डाव्या हाताने केस विंचरतोय. भातही डाव्या हातानेच खातोय.”

सिप्रियानो दारातच थांबले. “कोणाला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नकोस. एकदा कोपराची बातमी फुटली की या धंद्यात त्याला कोणी उभं करणार नाही. हात बरा झाला तरी नाही.”

“मग त्याला फेकू देणार?”

त्यांनी मला उचलले, खळग्यावरून अंगठा फिरवला. “आज हा वाजणार नाही. यंत्र काहीही दाखवो, पोरगा साधाच आहे म्हणतील, निघून जातील. चार महिने विश्रांती मिळेल. हात राहिला तर भाव पुन्हा चढेल.”

कॅचरला हे जमते. चेंडू खळग्याऐवजी तळव्यावर घेतला की आवाज मरतो. मार मात्र थेट हाडांवर बसतो.

विल्किनने पहिला चेंडू फेकला. सिप्रियानोंनी तो तळव्यावर घेतला. धप्. जाळीमागे एक पारखी खुर्चीत मागे रेलला. दुसरा चेंडू. धप्. मास्तर ओरडले, “अहो सिप्रियानो, झोपलात काय?”

पण एका गोष्टीचा विचार ना सिप्रियानोंनी केला होता, ना मी. तो मेलेला आवाज विल्किनही ऐकत होता. आपलाच जोर कमी पडतोय, असे त्याला वाटले. त्याने ओठ आवळले आणि पुढचा चेंडू आणखी ताकदीने फेकला. त्याच्यापुढचा त्याहून जोरात. वाचवण्यासाठी केलेला प्रत्येक झेल त्याला आणखी खोल ढकलत होता. सिप्रियानोंचा तळवा माझ्या आत सुजत होता. मला वादीन्‌वादीने कळत होते, आता तुटेल, या चेंडूला नाही तर पुढच्या. आणि मला तोंड नव्हते.

एक चेंडू आला, अगदी सैल. विल्किनचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्याने चेंडू परत मागण्यासाठी हात पुढे केला.

सिप्रियानोंनी मला मिटले. चेंडूसकट. ते उभे राहिले.

“फेका ना, बाबा!”

ते चालत त्याच्यापर्यंत गेले. “पुरे झालं, बाळा.”

“अजून एक! एकच! सगळे बघताहेत, बाबा!”

“म्हणूनच पुरे.”

जाळीमागचे सगळे समजायचे ते समजले. पारख्यांनी आपसात मान हलवली. मास्तरांनी टोपी जमिनीवर आपटली. विल्किन मैदानातून धावत गेला, आणि आमच्या रस्त्यावर त्या दिवसापासून निळ्या फ्रीजची थट्टा बंद झाली.

त्यानंतर ओनेल नावाच्या बुटक्या मुलाची पाळी होती. त्याला कोणी मोजतच नव्हते. उशी आणायलाही कोणी उठले नाही. सिप्रियानोंनी विल्किनचा चेंडू खिशात घातला, सुजल्या हाताने मला सावरले आणि नव्या चेंडूने ओनेलला झेलले, खळग्यात, नीट. मी कडाडलो. पारखी पुढे सरकले. ओनेलला त्यांनी घेतले. तो खरेच तेवढा चांगला होता की तो नुसता माझा आवाज होता, हे मला आजही सांगता येत नाही. काही वर्षे खालच्या संघांत खेळून तो परत आला.

राजधानीतल्या डॉक्टरांनी सांगितले, कोपरातला हाडे जोडणारा बंध अर्धा फाटला आहे. हात वाचला, वेग गेला. विल्किन पुढे मोटरसायकलवरून प्रवासी नेऊ लागला. बापाशी तो कामापुरते बोलायचा. सिप्रियानोंनी तो परत न फेकलेला चेंडू माझ्या खळग्यात ठेवला, दोरी बांधली आणि मला खिळ्याला टांगले. पुन्हा कधी हातात घातले नाही. अधूनमधून ते माझ्यासमोर उभे राहायचे. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, “एखादा चेंडू आणखी फेकला असता, तर कदाचित घेतलंही असतं त्याला.” माझे कातडे वाळत गेले.

मागच्या हिवाळ्यात सिप्रियानो गेले. नवव्या दिवसाची प्रार्थना संपली, शेजारणी खुर्च्या परत घेऊन गेल्या. नॉरिसने मला खिळ्यावरून काढले आणि सवयीने खोबरेलाची बाटली घेऊन अंगणात बसली. विल्किनला दोरीतून चेंडू दिसला.

“हा तोच?”

“तोच.”

“एवढी वर्षं ठेवला त्यांनी?”

“तू मागितलास कधी?”

 विल्किनने गाठ सोडवली, चेंडू घेतला. “घाल हातात, ताई.”

नॉरिसच्या हाताला मी फार मोठा. विल्किन भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने हात मागे नेला आणि माझी जुनी भीती जशीच्या तशी परत आली. वाटले, हा आता सगळा हिशेब एका चेंडूत चुकता करणार. पण चेंडू हळूच आला, लहान मुलाकडे टाकावा तसा. मी वाजलोसुद्धा नाही.

“दुखलं का रे?” नॉरिसने विचारले. आवाज तिचा होता, पण प्रश्न बापाचाच होता.

विल्किनने कोपर धरला. “हो,” तो म्हणाला. “तेव्हाही दुखत होतं.”

 नॉरिसने मला पोटाशी धरले, चेंडूसकट.

मित्रांनो, तुमच्या गावातही कोणाचा तरी आवाज मोठा होत असेल. सगळे टाळ्या वाजवत असतील, फ्रीजचा रंग ठरवत असतील. तुम्ही त्याला विचारा, दुखतंय का. आणि “हो” म्हणायला तो घाबरणार नाही, अशा जागी नेऊन विचारा.