गवत खाली

माझ्या बायकोचे, एलुनेडचे गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून हिवाळ्याआधी तिला तळमजल्यावर निजायची खोली बांधून द्यायचं मी ठरवलं. जागा एकच होती, स्वयंपाकघरामागची, आणि तिथे मातीचा लांबट उंचवटा. माझा बाप त्याला डुकराची पाठ म्हणायचा. मी फावडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी हात थांबला. कापलेल्या मातीत बारीक काळ्या रेघा होत्या, एकीवर एक, सारख्या अंतराने.

पन्नास वर्षं मी शेतांचे बांध घातले. गवतासकट मातीच्या लाद्या कापायच्या आणि उलट्या रचायच्या, गवत खाली, म्हणजे बांध सरकत नाही. गवत कुजतं आणि अशीच काळी रेघ उरते. बापही हेच करायचा, पण हे काम त्याचं नव्हतं. कडेच्या ओकची मुळं त्यातून आरपार गेली होती, आणि तो ओक माझ्या पणज्याच्या वेळीही म्हाताराच होता.

साठी उलटल्यावर मी वाचायला शिकलो. स्टेशनच्या पाटीवर गावाचं वेल्श नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, तेव्हा एलुनेडने अर्थ सांगितला होता : बांधावरचं गाव. चाळीस वर्षं का सांगितलं नाहीस, विचारलं, तर म्हणाली, तू विचारलंस कधी?

मला वाटायचं, बांध म्हणजे तो वर टेकडीवरचा, बाराशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या राजाने वेल्श लोकांना अडवायला घातलेला. तोच इथे माझ्या घरामागे उतरला होता. आणि राजाने कसला घातला! एक लादी नीट बसेना म्हणून कुणीतरी तिचा कोपरा फावड्याने उडवला होता. मीही तसंच करतो. त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि मला टोपी काढावीशी वाटली.

एलुनेडला हात धरून मागे आणलं, सगळं दाखवलं. ती नदीपलीकडची, वेल्श; मी अलीकडचा. काठीवर रेलून ती बराच वेळ बघत राहिली.

"माझ्या माणसांना अडवायला एवढी माती?" ती म्हणाली. "ठेंगणाच पडला रे तुमचा बांध. मी तो ओलांडून आलेच."

मी म्हणालो, आता इथे खोली होणार नाही. माझ्याने तोडवणार नाही.

"मग पलंग चुलीपाशी लाव. तिथे ऊब असते. तुझं घोरणं तेवढं वरच ठेव."

ती कशीबशी वाकली. माझ्या फावड्याने निखळलेली एक लादी दोन्ही हातांनी उचलून तिने माझ्यापुढे धरली.

"कुठली बाजू खाली, गेथिन?"

मी सांगितलं. तिने ती स्वतःच बसवली.