डावा कप्पा रिकामा होता

मी पाठीवरची सॅक बोलतेय. भित्री आहे, आधीच सांगून टाकते.

दुकानात माझ्या शेजारी पंधरा-पंधरा कप्प्यांच्या नखरेल सॅका टांगलेल्या. माझा मालक लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यानं आपली हत्यारं एकेकीत भरली आणि डोळे मिटून हात घातला.

"अहो, डोळे उघडून बघा की!" दुकानदार हसला.

"आमचं काम अंधारातलं."

माझ्यात त्याला पाना, टॉर्च, फडकं सगळं झटक्यात सापडलं. डाव्या छोट्या कप्प्यात त्यानं कुलूप ठेवलं. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी तो मुख्य स्विच बंद करून त्याला हे कुलूप घालायचा, म्हणजे वर कोणी लिफ्ट चालू करू नये. मग डावा कप्पा चाचपायचा. रिकामा लागला की कुलूप स्विचला आहे, खुशाल उतरायचं.

एका रविवारी त्याच्या आत्यांनी मला धुतलं. "काय हा पसारा!" म्हणत सगळं मोठ्या कप्प्यात रचलं. कुलूपसुद्धा, फडक्यात गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्विच बंद केला, तेवढ्यात फोन आला. बोलणं संपवून त्यानं सवयीनं डावा कप्पा चाचपला. रिकामा! मला घेऊन तो खड्ड्यात उतरला.

कुलूप माझ्याच पोटात होतं. ओरडावं तर तोंडाला चेन. डोक्यावर लिफ्ट, आणि वर वॉचमनचा आवाज, "हा स्विच कोणी बंद केला?"

हात पुसायला त्यानं फडकं ओढलं. कुलूप खणकन पायाशी पडलं. तो पांढराफटक पडला. मला बाहेर भिरकावून तो कसाबसा वर चढला, तोच लिफ्ट खाली आली.

संध्याकाळी आत्यांनी कौतुकानं विचारलं, "काय रे, सॅक कशी आवरली होती?"

"छान, आत्या," तो म्हणाला. त्यांना वाईट वाटेल म्हणून पुढचं काही बोलला नाही.

तेव्हापासून तो उतरण्याआधी स्विचचं कुलूप ओढून बघतो. पण घाई कोणाला चुकलीय?

आता माझे पट्टे उसवलेत, मी खुंटीवर असते. त्याची नवी सॅक खाली खुर्चीवर आहे. तिलाही डावा कप्पा आहे. तो आंघोळीला गेलाय, आणि आत्या तिची चेन उघडतायत.

"काय बाई हा पसारा!"

अहो, कोणीतरी सांगा हो त्यांना!