मिशीवाल्याचे गुडघे

"लिही ना, बसला काहून तसाच?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्याले एरंडीचं तेल लावा म्हणा. कोमट करून. अन् वरतून रुईचं पान बांधा म्हणा. तिकडं रुई भेटते काय?"

"विचारतो," धम्मानंद म्हणाला आणि निमूटपणे लॅपटॉपवर टाइप करू लागला.

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. ज्या गृहस्थाच्या गुडघ्यांची ही काळजी चालली होती, तो मेक्सिकोचा गाणारा नट एस्तेबान लारियोस एकोणीसशे एकोणसाठ सालीच गेलेला आहे. आणि माझा नवरा, विद्यापीठात खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायच्या यंत्रांवर संशोधन करणारा डॉक्टर धम्मानंद, त्याला एरंडेल कळवत होता. शिकल्या-सवरलेल्या माणसाची अशी गत झाली की खरंच बघवत नाही.

पण त्यालाही एकट्याला दोष देऊन चालणार नाही. मी पण त्यात होते.

माझ्या सासूबाई, मीराबाई, अकोल्याच्या. सासरे दादाराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. विमानात बसायचं नाव काढलं की म्हणायचे, "जे आपल्याच्यानं दुरुस्त होत नाही, त्यात आपण बसत नाही." म्हणून दोन वर्षांपूर्वी सासूबाई एकट्याच तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला, क्लेमेंटीच्या घरी आल्या. आल्याच्या चौथ्या आठवड्यात एका दुपारी अकोल्याहून फोन आला. सासऱ्यांना अटॅक आला होता आणि सगळं संपलंही होतं. पण आपल्याकडे हे कोणी असं सांगतं का? धम्मानंदनं आईला सांगितलं, "बाबा सीरियस आहेत, निघायला हवं." सिंगापूर ते मुंबई, मुंबई ते नागपूर, पुढे गाडीनं अकोला. सोळा-सतरा तास तो एकच शब्द धरून बसला. सीरियस. दारातला मांडव दिसेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

पुढचे सगळे विधी करून आम्ही सासूबाईंना इथेच घेऊन आलो. आणि त्या बोलायच्याच बंद झाल्या. रागावून नव्हे. "हो", "नको", "खाल्लं", एवढे तीन शब्द दिवसाला पुरायचे. आमची जाई तेरा वर्षांची, ती मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी, पण तीसुद्धा म्हणाली, "मम्मी, आजी is like on mute, lah." मला एवढं वाईट वाटलं, की मी तिला ओरडलेच.

मग एके दिवशी सासूबाई टॅबवर भीमगीतं लावून भाज्या निवडत होत्या. त्यांचे हात माखलेले, म्हणून गाणं संपल्यावर आपोआप जे पुढचं लागलं ते त्यांना बंद करता येईना. ते होतं मेक्सिकोचं. काळं-पांढरं चित्र, मोठी टोपी, त्याहून मोठी मिशी, घोडा, आणि मागे कर्णे-व्हायोलिनवाल्यांची फौज. तो नट घोड्यावरूनच एका खिडकीखाली गात होता. गाणं संपलं तेव्हा खिडकी बंदच होती. सासूबाई म्हणाल्या, "अवं बाप्पा! उघड नं माय, एवढा घसा फोडून राह्यला तो!"

सहा महिन्यांतलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मी स्वयंपाकघरात रडले.

त्या दिवसापासून घरात मिशीवाला आला. एका चॅनलवर त्याचे एकतीस चित्रपट ओळीनं ठेवलेले होते. भाषा स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरं. सासूबाईंना दोन्हीचा उपयोग नाही. मी समजावून सांगायला बसले तर म्हणाल्या, "तू गप बस. मले त्याच्या तोंडावर दिसते सगळं." आणि दिसायचंच. पहिल्या चित्रपटात तो घोळक्यात मागे उभा होता, तिथून त्यांनी त्याला बोट ठेवून ओळखलं. पाचव्यात हिरो झाला. नवव्यात घोड्याची भीती गेली. आधी बसायचा तो लगाम सोडून खोगीरच धरायचा, म्हणे. सोळाव्यात पोट सुटलं. "सुखाचं पोट आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झालं असंन त्याचं."

धम्मानंदनं शोधून पाहिलं. त्याच वर्षी खरंच लग्न झालं होतं.

त्या सगळं खालीसुद्धा सांगायला लागल्या. ब्लॉकच्या तळाला, वॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर एक चिनी आजी बसते. तिला मराठी येत नाही, ह्यांना चिनी येत नाही. सासूबाई मिशी पिळून दाखवायच्या, घोडा पळवायच्या, छाती बडवून गायच्या. चिनी आजी डोळे पुसायची. कोणत्या चित्रपटासाठी पुसायची कोण जाणे!

आणि मग एका सकाळी त्यांनी धम्मानंदला विचारलं, "आता किती वर्साचा असंन रे तो?"

धम्मानंदनं सहज फोन काढला. आणि त्याचा चेहरा उतरला. बेकरीत पाव भाजणारा मुलगा, पाव पोचवताना गायचा म्हणून रेडिओवाल्यांनी उचलला, सतरा वर्षांत एकतीस चित्रपट केले, आणि एकेचाळिसाव्या वर्षी शूटिंगला जाताना घाटात गाडी कोसळून गेला. देशभर दुकानं बंद झाली होती.

धम्मानंदनं माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' म्हणून मान हलवली. हलवली, हे कबूल करते. त्यांचा तो परत आलेला आवाज पुन्हा गेला असता तर मला सहन झालं नसतं.

"चौऱ्याण्णव," धम्मानंद दहा-बारा वर्षं खाऊन म्हणाला. "रिटायर झाला. गावाकडे असतो. गुडघे दुखतात."

गुडघ्यांची काय गरज होती, मला सांगा? पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस जास्तीचं बोलतो. गुडघे दुखतात म्हटल्यावर सासूबाई गप्प बसतात होय! पत्र गेलं. पत्र गेलं म्हटल्यावर उत्तर यायला हवं. तेही धम्मानंदनंच लिहिलं, आणि त्याला लिहिता येतात फक्त शोधनिबंध. "आपण सुचविलेल्या तेलाचे प्राथमिक परिणाम आशादायक आहेत," असं मिशीवाल्यानं कळवलं. "मात्र डाव्या गुडघ्याबाबत अधिक निरीक्षण आवश्यक आहे."

"लय शिकलेला दिसते," सासूबाई म्हणाल्या.

असे चार महिने गेले. आम्हाला धास्ती होती ती एकतिसाव्या चित्रपटाची. तो संपल्यावर त्या पुढचा मागणार, आणि पुढचा नाही तर का नाही, हे विचारणार. धम्मानंद कधी नेट गेलं म्हणायचा, कधी तो चित्रपट इथल्या सरकारनं बंद केलाय म्हणायचा. बिचाऱ्या सरकारचा काही संबंध नव्हता.

त्या शनिवारी सकाळी मी पोहे परतत होते आणि धम्मानंद कपडे वाळत घालत होता. सासूबाईंनी स्वतःच बोट लावलं आणि एकतिसावा सुरू केला. आमच्या लक्षात आलं तेव्हा तासभर झालेला होता.

"धम्मा," सासूबाईंनी हाक मारली. "इकडं ये. हा तो नाही."

धम्मानंद ओला टॉवेल हातात घेऊनच गेला. मीही मागोमाग गेले. पडद्यावर तोच घोडा, तीच टोपी, पण माणूस पाठमोरा.

"अर्ध्या घंट्यापासून तोंड दाखवून नाही राह्यला," सासूबाई म्हणाल्या. "अन् चाल तं पाह्य त्याची. हा खांदा पाडून चालते. तो नाही चालत असा. दुसराच कोणी उभा केला तिथं. तो कुठं गेला?"

चित्रपट अर्धा झाला असताना तो गेला होता, आणि उरलेला भाग त्यांनी दुसऱ्या माणसाला पाठमोरा उभा करून पुरा केला होता. इंग्रजी येणाऱ्या आम्हा दोघांना ते माहिती वाचून कळलेलं. ह्यांनी खांद्यावरून ओळखलं.

"आई, त्याचं काय झालं," धम्मानंद टॉवेल पिळत म्हणाला, "तेव्हा त्याची तब्येत जरा सीरियस..."

तो शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तिथेच थांबला. सासूबाईंनी चित्रपट बंद केला.

"तुह्या बापाच्या टायमालेबी तू हेच म्हणला होता," त्या म्हणाल्या.

धम्मानंदनं टॉवेल खुर्चीवर ठेवला.

"मले तवाच समजलं होतं, धम्मा. तुह्या हातातला फोन हालत होता. पण तू म्हणे सीरियस, सीरियस. मी रडले असते तर तुले समजलं असतं का मले समजलं. मंग तुले कोनं सांभाळलं असतं विमानात? म्हणून मी तोंड सरळ ठेवलं. अन् घरी पोचलो, तं सगळ्याइचं रडून झालं होतं. बाया पानी पिऊन बसल्या होत्या. मी मागंच राह्यले."

त्या हे रागानं बोलत नव्हत्या. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण माणसाला जपतो जपतो म्हणतो आणि त्याचं हक्काचं रडणंच काढून घेतो. मला माझीच लाज वाटली.

"आता हा मिशीवाला सरळ सांग," त्या म्हणाल्या.

"गेला, आई. एकोणसाठ साली. एकेचाळीस वर्षांचा होता. घाटात गाडी पडली."

"अन् गुडघे?"

"गुडघे मी केले."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि त्यांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडू फुटलं. पण त्या हसत होत्या. "आशादायक आहेत म्हणे!" त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून पुन्हा हसल्या. धम्मानंदही हसला, मीही हसले. जाईनं खोलीतून डोकं काढून पाहिलं आणि ती परत आत गेली.

मग सासूबाईंनी डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि ताठ बसल्या.

"आता तुह्या बापाचं सांग," त्या म्हणाल्या. "तसंच, सरळ."

धम्मानंद खाली फरशीवर बसला.

"बाबा गेले, आई," तो म्हणाला. "सकाळी सव्वानऊला. अंगणात, खुर्चीवर."

"काही खाल्लं होतं काय त्याईनं?"

"चहा झाला होता. पोळी अर्धी राहिली होती."

"अर्धी," सासूबाई म्हणाल्या, आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मी जाऊन पोह्यांखालचा गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसले.