तांबडीची धार

चौसष्ट साली, थंडी सरता सरता, तुरुंगाच्या शेतावरच्या गोठ्यात शिपायाची मुलगी तांबड्या गाईच्या कासेशी उकिडवी बसली होती.

"ओढू नकोस गं, देवळातली घंटा आहे का ती? अंगठ्यापासून एकेक बोट मिटत ये," गोठेकाका म्हणाले.

गोठेकाका कैदी होते. त्यांच्या हातून कुणाचा तरी जीव गेला होता म्हणे. पण तुरुंगाच्या साहेबांची तांबडी त्याच हातांना पान्हवायची. दुसरं कुणी बसलं की लाथ. चांगल्या वागणुकीची माफी धरून उन्हाळ्यात त्यांची सुटका होती. त्यावर साहेब हसत म्हणाले होते, "तू गेलास तर तांबडी आटेल रे. तुला सोडून कसं चालेल?"

गोठेकाकांना ते हसणं कळलं. गाईला दुसरा हात लावून दिला की आपण मोकळे, असा त्यांनी हिशेब मांडला. दुसऱ्या कैद्यांचे हात तिला चालेनात, म्हणून त्यांनी शिपायाला गळ घातली. शिपायानेच मुलीला पाठवलं.

त्या दिवशी पहिली धार बादलीत वाजली. तांबडी निवांत उभी होती.

"जमलं की, बाई!" गोठेकाका म्हणाले, आणि मागे साहेब उभे.

"कैद्याजवळ पोर? कुणाच्या परवानगीने?"

गोठेकाकांनी दारात पहाऱ्यावर असलेल्या शिपायाकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं.

"माहीत नाही, साहेब," वडील म्हणाले.

माफी रद्द झाली.

घरी आई म्हणाली, "पाठवलंत तुम्हीच ना?"

"मग नोकरीवर पाणी सोडू? तुझ्या माहेरी पेटवायची का चूल?"

आईने ताट वाढलं. वडील पोटभर जेवले, हे मुलगी विसरली नाही.

गोठेकाकांना गोठ्यातून काढून दगड फोडायला लावलं. तांबडी महिन्याभरात आटली. साहेबांनी ती विकली आणि पुढे बढतीवर गेले. वडील सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या हारातला फोटो भिंतीवर लागला. आई त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. गोठेकाका त्याच्या कितीतरी आधी, माफी गेल्यावर दोन वर्षांनी सुटले होते. फाटकात वडिलांनी त्यांचे जुने कपडे हातात दिले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गाय कुठाय?"

मुलगी आता सत्तरी ओलांडून गेली. दुपारी तिचा डोळा लागला की पांघरुणावर मूठ हलते, अंगठ्यापासून एकेक बोट मिटत. नातवंडं हसतात. ती जागी झाली की हात पदराखाली घेते.