मागची कोरी पानं

"ट्रॅक्टर जाऊ द्या, मग बोला," जरीना म्हणाली, आणि भागवत सर चपला न काढताच दारात थांबले.

तिच्यापुढे पत्र्याचा पसरट ट्रे होता. त्यात मेथ्या उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी, आणि पाण्यावर तरंगणारे निळे-तांबडे थेंब. देवळालीच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला, जमीन थरारली, थेंबांच्या कडा सैल होऊन एकमेकींत शिरल्या. जरीनानं अलगद कागद टेकवला आणि उचलला. पाण्यावरची नक्षी कागदावर उतरली. हीच अबरी, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चढवायची. तिचा नवरा कमरुद्दीन ती ट्रॅक्टरच्याच भरवशावर करायचा. कारखाना बंद झाला की कमरूची नक्षीही सुट्टीवर जाते, असं लोक चिडवायचे. तो गेला, तेव्हा बायंडिंगचं काम आणि ट्रॅक्टर, दोन्ही जरीनाच्या वाट्याला आले.

"माझं पुस्तक कुठवर आलं भाभी?"

"शिवून झालं. पुठ्ठा तेवढा ऱ्हायलाय."

पुस्तक म्हणजे एक जाडजूड कादंबरी. निवृत्त झाल्यापासून सर ती वाचतच होते. खूण म्हणून घातलेली लग्नपत्रिका मात्र सुरुवातीच्या पानांतून पुढे सरकली नव्हती. पत्रिकेतल्या जोडप्याचं पोर शाळेत जाऊ लागलं, तरी ती तिथंच. कादंबरीचा कणा मोडला तो वाचून नव्हे, सर ती प्रत्येक व्याख्यानाला काखेत मारून नेत म्हणून. आता रविवारी ती वाचनालयाला भेट म्हणून द्यायची होती.

कमरुद्दीनचा एक नियम होता. बायंडरनं पानाचा आकडा बघावा, मजकूर बघू नये. मजकूर बघितला की हात चुकतो. जरीनानं मजकूर बघितला. पुस्तक उसवलं, की दुमडलेल्या पानांच्या गड्ड्या सुट्या होतात, त्यांना जुज म्हणतात. एकेक जुज वाचायचं आणि गठ्ठ्यावर ठेवायचं, असं तिनं केलं. नदीवर होडी चालवणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट होती. वाक्य सुरू झालं की पानंच्या पानं पूर्णविराम नाही, आजचं सांगता सांगता गोष्ट म्हातारीच्या माहेरात जायची आणि परत यायचं विसरायची. जरीनाला त्याचं काही वाटलं नाही. तिची सासू आयुष्यभर तशीच बोलली होती. पाण्यावरच्या रंगाकडे बघावं तसं ती बघत राहिली. कळायचं तेवढं कागदावर येत होतं.

"वाचलीत की काय?" सरांनी जपून विचारलं.

"वाचली. शेवट लई गोड हाय."

"गोड? अहो, म्हातारी पुरात जाते. शेवटचं पान मी आधीच वाचून ठेवलंय."

"जाती की. पर परत येती. घाटावर डाळ निवडत बसती अन् सुनंला विचारती, चहा टाकला का? मी म्हनलं, पुस्तकच तसं हाय. येत्यात गेलेली मानसं."

सरांनी पुस्तक उचलून मागून उघडलं. चष्मा वर केला, खाली केला.

"भाभी, शेवटची दोन जुजं उलटसुलट लागलीत."

जरीना आकड्यांकडे बघत राहिली. म्हातारी पुरात गेली, तेव्हा डोळे भरून आले म्हणून ते जुज गठ्ठ्यावर ठेवून ती उठली होती. परत आली तर ट्रेच्या खाली आणखी एक जुज राहिलेलं दिसलं. केवढी हरखली होती ती. पुस्तक संपलंच नव्हतं.

दुपारी रंग कालवताना कमरुद्दीन अजून पाठीमागून चहा विचारतो, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तकात ते छापलेलं सापडलं होतं.

"राहू द्या हो तसंच," सर हळूच म्हणाले. "वाचनालयात इथवर कोण येतंय? मीच आलो नाही."

जरीना हसली. मग तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"न्हाई सर. यांच्या दुकानातून उलटं पुस्तक कधी गेलं न्हाई."

आणि तिनं कात्रीनं टाका कापला.

रविवारी सर आले, तेव्हा पुस्तक तयार होतं. पुठ्ठ्यावर निळी-तांबडी नदी, मधोमध ट्रॅक्टरनं हलवलेली. सरांनी सवयीनं शेवट उघडला. म्हातारी जागच्या जागी, शेवटच्या पानावर पुरात गेली होती. ते पान उलटलं तर कोरं पान. पुन्हा कोरं. पुन्हा कोरं.

"मागं एवढी कोरी पानं कशाला भाभी?"

जरीना ट्रेमधलं पाणी ढवळत होती. तिनं वर बघितलं नाही.

"असू द्या," ती म्हणाली. "तिला यायचं झालं तर."

रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. सरांच्या हातातली पानं थरारली, आणि ती थांबेपर्यंत सरांनी पुस्तक मिटलं नाही.